राबावरच्या सहा पेट्या

चंद्राबाई : आन् ह्या सहा समाध्या कुनाच्या म्हनायच्या? मी पंधरा दिवस लेकाकडं नेरळला काय गेले, गावातली एवढी मान्सं गेली?

मालोजी : समाध्या काय म्हणतेस? वाफे आहेत ते. उंच वाफे. आधी बस तरी. रिक्षातून उतरलीस ती सरळ परसात. गुडघ्याचा पट्टा नीट बांधलायस ना?

चंद्राबाई : पट्ट्याचं ऱ्हाऊ द्या. वाफा जमिनीवर असतो. ह्यो माझ्या कंबरेला लागतोय. फळ्या ठोकून पेटी केली, पेटीत माती कोंडली. मातीनं काय गुन्हा केला व्हता?

मालोजी : ही वसंतातली लागवड. होळीच्या आत रोपं बसली पाहिजेत. दोन पेट्या टोमॅटो, दोन वांगी, एक सिमला मिरची. आणि ही कडेची ब्रोकोलीची.

चंद्राबाई : कशाची?

विलास : ब्रोकोली, काकी. हिरवा फ्लॉवर असतो ना, तो.

चंद्राबाई : तू पन हायस का रं, विलास? तरीच म्हनलं, पुतन्याचा टेंपो दारात कसा. फ्लॉवर नासला की हिरवा पडतो हे मला ठावं व्हतं. तो मुद्दाम लावतात हे आज कळलं.

विलास : मी नुसती माती आनली हो. ही तिसरी खेप. काका म्हनले आन, आनली. आपला काय सीन नाय त्याच्यात.

चंद्राबाई : कुठनं आनलीस?

विलास : कशेळ्याच्या पुढं ती नवी नर्सरी झाली ना, तिथनं. फुल लाल माती. नारळाचा भुसा मारलाय आत.

चंद्राबाई : बरं केलंस. चारी बाजूंनी शेत, मधी आमचं घर. पायाला माती, पदराला माती, भाकरीत दाताखाली माती. तरी घरातली माती संपली म्हनून टेंपोनं मागवायला लागली. शेजाऱ्याकडं वाटीभर साखर मागावी तशी मागितली असतीत तर मीच दिली असती की.

मालोजी : आपली माती जड आहे, चिकट आहे. पाणी धरून बसते. भाजीची मुळं कुजतात. ह्याच्यात निचरा होतो. कंपनीत आमचं पहिलं वाक्य हेच असायचं. माल चांगला घाला, माल चांगला निघेल.

चंद्राबाई : खोपोलीच्या कंपनीत तुमी कागद करत व्हतात. कागदाला मुळं नसतात.

मालोजी : तत्त्व तेच असतं. पाळीचा सुपरवायझर होतो मी. छत्तीस वर्षं. उगाच कुणी नाही करत सुपरवायझर.

चंद्राबाई : नाय करत. म्हनून तर इचारते, सुपरवायझरसाहेब. हे खूळ आलं कुठनं?

विलास : पलीकडच्या हर्षदशेठच्या फार्महाऊसवरनं. त्यांनी पन अशाच पेट्या मारल्यात. काका रोज संध्याकाळी बगायला जातात.

चंद्राबाई : त्यो हर्षदशेठ महिन्यानं एकदा येतो, एका टमाट्याबरोबर आठ फोटो काढतो आन् जाताना माझ्याकडनंच भाजी नेतो. गेल्या खेपेला दोडकी नेली. माझी दोडकी पेटीत नव्हती, गरीब बिचारी जमिनीवर व्हती.

मालोजी : त्यांच्या माळ्याला अक्कल नाही. मी सगळं नीट पाहून केलंय. मोबाईलवर चाळीस तरी व्हिडिओ पाहिले. कॅनडातला एक म्हातारा आहे, तो फळ्या कशा जोडायच्या ते इतकं छान...

चंद्राबाई : कॅनडात होळी कदी असते?

मालोजी : आता होळीचा काय संबंध?

चंद्राबाई : हितं होळी झाली की दहा दिवसांत डोंगरावरनं झळा येतात. दगड तडकतो. तुमच्या ब्रोकोलीला सांगितलंत का तसं? का तिला येऊन बगू द्यायचंय?

विलास : काका हिरवी जाळी मारनार हायत वरनं. टेन्शन नाय.

चंद्राबाई : हां. म्हंजे पेटीवर मांडव. मंग वाजंत्रीवाले पन सांगा, एवढा खर्च केलाच हाय तर. ... थांबा. विलास, जरा बाजूला हो रं. मला बगू दे. ही जागा कंची?

मालोजी : परसातली. उन्हं चांगली येतात. सहा तास.

चंद्राबाई : परसातली ते मला बी दिसतंय. त्यो आंबा तिकडं, विहीर हिकडं. म्हंजे ही राबाची जागा हाय.

मालोजी : ... हो. त्याच्या आसपासच.

चंद्राबाई : आसपास नाय. बरोब्बर मधी. पैली पेटी विहिरीकडच्या कोपऱ्यात आन् सहावी आंब्याकडच्या. एक हात जागा सोडली नाय. अवो, कंपनीत राब भाजत नसत्याल, म्हनून सांगते. ह्या तुकड्यावर शिमग्यानंतर राब भाजायचा असतो. खाली शेन, वर टहाळ, त्याच्यावर पातेरा, मंग गवत, वरनं मूठमूठ माती. आन् वाऱ्याच्या उलट अंगानं काडी लावायची. तनाचं बी जळतं, राख मिळते. मिरगात तिथं भात पेरायचा. त्याचं रोप झालं की उपटून तीन खाचरांत लावायचं. मंग तुमच्या ताटात भात येतो. त्यो कुकरात उगवत नाय.

मालोजी : माहीत आहे मला.

चंद्राबाई : माहीत हाय म्हनं. छत्तीस वर्सं भात खाल्लात, राब भाजताना कदी दिसला नाय तुमी. राब भाजायचा तवा नेमकी तुमची दुपारपाळी. लावनी आली की रातपाळी. झोडनी आली की तुमच्या सायबाच्या घरी सत्यनारायन.

विलास : एकदाच व्हता हो सत्यनारायन.

चंद्राबाई : तू माती उतर. ... आन् माझ्या टहाळाच्या मोळ्या कुठं हायत? गोठ्यामागं रचून ठेवलेल्या. बेचाळीस मोळ्या व्हत्या. वाडीवरच्या ठकीनं आन् तिच्या जावेनं, कोंडीनं, आपल्या बांधावरचे ऐन चढून तोडून दिल्या. एवढी वयाची बाय झाडावर चढली माझ्यासाठी. त्या दिसत नायत. आन् पातेऱ्याचा ढीग?

मालोजी : आहे ना. आहे.

चंद्राबाई : कुठं हाय?

मालोजी : खाली.

चंद्राबाई : कशाच्या खाली?

मालोजी : पेट्यांच्या. म्हणजे आत. एवढी उंच पेटी नुसत्या मातीनं भरायची तर दहा खेपा लागतील. म्हणून तळाशी शेण घालायचं, मग लाकूडफाटा, मग सुका पाला, आणि वर माती. ती पद्धतच आहे.

चंद्राबाई : थर तर बरोबर लावलेत की! शेन, टहाळ, पातेरा, माती. माझा सगळा राब पेटीत भरून ठेवलात. नुस्ती काडी लावायची ऱ्हायली. विलास, माचिस हाय का रं खिशात?

विलास : काकी, काडी नको, फळ्या नव्या हायत!

चंद्राबाई : का नको? सहा पेट्या, सहा होळ्या. गावाला लांब जायला नको. ... देवा रं देवा. ह्या मान्साला मी काय म्हनू? मुद्दाम केलं असतं तर दोन शिव्या तरी घातल्या असत्या. अडान्याला काय बोलायचं? आता होळी आठ दिवसांवर आली, टहाळ कुठनं आनू? ऐन सगळे बोडके करून ठेवलेत. राब नाय तर रोप नाय. रोप नाय तर लावनी नाय. आन् बियान्याचं काय? घरचा तांबडा भात हाय तो, दुकानात मिळायचा नाय. ह्या वर्साला पेरला नाय तर पुढच्या वर्साला त्यातला दाना उगवनार नाय. कनगीत भरून ठेवला तर उंदीर खातील आन् खेळ संपला. तुमाला कळतंय का, तुमच्या हिरव्या फ्लॉवरापायी काय घालवलंत ते?

विलास : पन काकी, आता भात लावायचाच नाय ना?

चंद्राबाई : कोन म्हनलं?

विलास : म्हंजे... काका म्हनले तसं. म्हनून तर टहाळ आधी भरायला लावलं. मी म्हनलं, काका, काकी राब कशावर भाजतील मंग? तर काका म्हनले, अरे म्हणूनच. ती नेरळवरनं यायच्या आत भरून टाक.

मालोजी : विलास.

विलास : ... मी काय चुकीचं बोललो का?

चंद्राबाई : नाय रं बाबा. ह्या घरात पंधरा दिवसांत तूच पैला बरोबर बोललास.

विलास : काकी, मला वाटलं तुमचं ठरलंय दोघांचं. आईशप्पथ. राजेशदादा पन म्हनला फोनवर, आईला यंदा शेतात जाऊ द्यायचं नाय, म्हनून...

चंद्राबाई : राजेश पन?

विलास : मी निघतो. मला चारला नेरळची खेप हाय. उरलेली माती हितंच पलटी मारतो. काका, फावडं ठेवलंय हो कोपऱ्यात.

(टेंपो निघून जातो. चंद्राबाई एका पेटीच्या फळीला धरून उभ्या आहेत.)

मालोजी : चहा टाकू?

चंद्राबाई : म्हंजे अडानी नव्हतात तुमी.

मालोजी : अगं...

चंद्राबाई : मी आपली मघापासनं शिकवतेय. खाली शेन, वर टहाळ. शाळेतल्या बाईसारखी. आन् तुमी मान डोलावताय, माहीत आहे, माहीत आहे. खरंच माहीत व्हतं तुमाला! मी नेरळला त्या विजेच्या शेकाच्या यंत्रावर पाय ठेवून पडलेली, आन् हितं तुमी माझ्या राबाची पेटी बंद करताय. सून म्हनायची, आई, राहा अजून चार दिवस. मी म्हनलं, किती जीव लावते पोरगी! म्हंजे तुमचं काम उरकलं नव्हतं, असं.

मालोजी : सुरेखाला ह्यातलं काही माहीत नाही. ती खरंच म्हणाली असेल.

चंद्राबाई : वा. एक तरी मानूस सुटला.

मालोजी : डॉक्टरांनी काय सांगितलंय? खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. चिखलात तर पाय टाकायचा नाही. राजेशनं सांगितलं, मी सांगितलं. तू काय म्हणालीस? डॉक्टरांना म्हणालीस, तुमी काय जेवता? ते म्हणाले, भात. म्हणालीस, मंग गप बसा.

चंद्राबाई : बरोबरच बोलले.

मालोजी : बरोबर बोललीस. मग मी काय करायचं? सांगून तू ऐकत नाहीस.

चंद्राबाई : म्हनून चोरी करायची? भांडायचं व्हतंत! ह्या घरात मी कदी भांडायला नाय म्हनले का? सकाळी भांडा, दुपारी भांडा. मला सांगायचंत, चंद्रे, यंदा भात लावायचा नाय, मी लावू देनार नाय. मी बघितलं असतं मंग. पन हे असं? पाठीमागनं? लहान पोराचं खेळनं माळ्यावर लपवतात तसं?

मालोजी : भांडून तू जिंकतेस.

चंद्राबाई : मंग जिंकू द्यायचं!

मालोजी : आणि तू परत चिखलात पडलीस तर?

चंद्राबाई : कोन पडलं?

मालोजी : मला ठकीनं सांगितलंय.

चंद्राबाई : काय सांगितलंय?

मालोजी : सगळं. गेल्या लावणीचं. मधल्या खाचरात. बायका जेवायला वाडीवर गेल्या, आणि तू म्हणालीस, तेवढ्या दोन ओळी उरकते. गुडघा मोडला तशी बसलीस चिखलात. उठता येईना. ठकी जेवून परत आली तेव्हा तिनं काढलं तुला. दोन तास, चंद्रा. दोन तास पावसात चिखलात बसली होतीस. आणि घरी येऊन मला म्हणालीस, जरा पाय घसरला.

चंद्राबाई : ठकीच्या तोंडाला कुलूप नाय. दोन तास नव्हते. दीड असंल.

मालोजी : मी घरातच होतो.

चंद्राबाई : ठावं हाय.

मालोजी : तू हाका मारल्यास?

चंद्राबाई : मारल्या की. आधी अवो, अवो म्हनून मारल्या. मंग राजेशचे बाबा म्हनून. मंग म्हनलं, आता कोन ऐकतंय हितं, सरळ तुमच्या नावानं मारल्या. लगीन झाल्यापासनं पैल्यांदा तुमचं नाव घेतलं. ते बी फुकट गेलं.

मालोजी : मी कानात ते... मोबाईलची बोंडं घालून बसलो होतो.

चंद्राबाई : ठावं हाय. मी आले तवा पन कानातच व्हती. मी दारात उभी, डोक्यापासनं पायापर्यंत चिखल. तुमी वर बघितलंत आन् म्हनलात, अगं बघ, हा म्हातारा पेटीत मुळा लावतोय.

मालोजी : नको बोलूस.

चंद्राबाई : मी म्हनलं, लावू दे बापडा.

मालोजी : नको ना. ... मला झोप लागत नाय त्या दिवसापासून. ठकीनं सांगितलं दिवाळीत, तिला वाटलं मला माहीत हाय. तेव्हापासून भात पुढ्यात आला की घास उतरत नाय. तुला भाकरी कर म्हणायचो ना, साखर वाढलीय म्हणून? साखर वाढली नव्हती. छत्तीस वर्षं मी पाळीवर गेलो, पाळीवरून आलो, झोपलो. घरात तू काय करतेस ते कधी बघितलं नाय. आता रिटायर झालो, बघायला वेळ मिळाला, तर तू चिखलात आणि माझ्या कानात बोंडं. मला भीती वाटते गं. पावसाळा आला की मला भीती वाटते. म्हणून केलं. चुकलं असेल. पण परत करायची वेळ आली तर परत करीन.

चंद्राबाई : ... साखर वाढली नव्हती?

मालोजी : नाही.

चंद्राबाई : चार महिने मी चहात साखर घातली नाय तुमच्या. शेजारची सून म्हनाली म्हनून कारल्याचा रस काढून दिला रोज सकाळी.

मालोजी : प्यालो ना.

चंद्राबाई : तेच म्हनते. मुकाट्यानं प्यालात. कारलं पिलं, पन बायकोशी एक शब्द बोलायला जमलं नाय. कुठल्या मातीचे बनलात तुमी? त्यात पन नारळाचा भुसा हाय का?

मालोजी : बोल. तुला पाहिजे ते बोल.

चंद्राबाई : बोलनारच हाय. भीती तुमाला वाटली, आन् बुडवलं माझं. तुमाला वाटतं मी हट्टानं करते. तांदळाची काय कमी हाय? राजेश म्हनतो, आई, पोतं टाकतो मॉलमधनं. मला पोतं नको. पंधरा दिवस ऱ्हायले त्याच्याकडं. तिसऱ्या माळ्यावर. सून चांगली, नात चांगली, सगळं चांगलं. पन मला कोन काय इचारतं? आई, चहा घेता का. आई, पंखा लावू का. बास. दुसरं इचारन्यासारखं माझ्याजवळ हायच काय तिथं? आन् हितं लावनीला पंधरा बायका असतात. एक वरडते, काकी, हितं पानी जास्त झालं का? दुसरी म्हनते, काकी, मूठ किती घेऊ? वाडीवरच्या बायका, ज्या जन्मभर लावनी करतात, त्या मला इचारतात. वर्सातनं आठ दिवस. तेवढ्या आठ दिवसांत मी कोनतरी असते. ते पन तुमी पेटीत घातलंत.

मालोजी : असं मला माहीत नव्हतं.

चंद्राबाई : कसं असनार? व्हिडिओत नाय दाखवत ते.

मालोजी : मग आता काय करायचं? सांग. पेट्या मोडू? आत्ता मोडतो. टहाळ काढतो, वाळवतो, तुझा राब रचून देतो. पण तू चिखलात जाणार असशील तर मी कुऱ्हाडच घालीन सगळ्यावर. एक राहील, दुसरं नाही.

चंद्राबाई : आता मिळाला आवाज. तुमाला आवाज पन हाय तर.

मालोजी : आहे.

चंद्राबाई : मोडू नका. शेन लागलेलं टहाळ काय वाळतंय आता. ... ही माती किती खोल हाय वरची?

मालोजी : वीतभर. नऊ इंच.

चंद्राबाई : भुसभुशीत हाय. हात कसा सरळ जातो आत. खालचं शेन, पातेरा, जूनपर्यंत अर्धं कुजंल. म्हंजे फुकटचं खत झालं. पानी वाहून जायला भोकं ठेवलीत का फळ्यांना?

मालोजी : ठेवलीत. दर दोन फुटांवर.

चंद्राबाई : एवढी एक गोष्ट बरी केलीत. तो किशोर येतो बगा, शेतीखात्यातला. चार वर्सं माझ्या मागं लागलाय. मावशी, राब भाजू नका, झाडं बोडकी व्हतात. गादीवाफा करा, माती उंच घ्या, त्याच्यावर भात पेरा, रोप हातात अलगद येतं. चार वर्सं हाकललाय मी त्याला. म्हनलं, तुझ्या गादीवर तूच झोप.

मालोजी : गादीवाफा म्हणजे?

चंद्राबाई : म्हंजे हे. तुमचे उंच वाफे. फक्त तो बिचारा म्हनायचा वीतभर उंच, तुमी बांधलेत कंबरेएवढे. म्हंजे पेरायला वाकायला नको, तन काढायला बसायला नको. उभ्यानं करायचं सगळं.

मालोजी : ह्यात भात? ह्या पेटीत? भात पेटीत पेरतात का कुठं?

चंद्राबाई : आता मी शिकवू का, कंपनीत काय म्हनायचे ते? माल चांगला घाला.

मालोजी : आणि माझी भाजी?

चंद्राबाई : मिरगापर्यंत लावा की तुमची भाजी. मी कुठं नाय म्हनते? टमाटे येतील, वांगी पन येतील पानी घातलंत तर. त्या ब्रोकोलीला मात्र माझ्यातर्फे श्रद्धांजली. मे सरला की सगळं उपटायचं आन् सहाच्या सहा पेट्या माझ्या. घरचा तांबडा पेरनार मी त्याच्यात.

मालोजी : सहा पेट्यांच्या रोपात तीन खाचरं लागतील?

चंद्राबाई : खुळे का काय? घरामागचं लहान खाचर तेवढं लागंल. ते बी रोप मोजून, विरळ लावलं तर.

मालोजी : आणि बाकीची दोन?

चंद्राबाई : ... पड ऱ्हातील.

मालोजी : चंद्रा.

चंद्राबाई : ऱ्हाऊ द्या पड. चाळीस वर्सांत एकदा पन पड ठेवली नायत मी. तुमी कामावर, मामंजी अंथरुनावर, राजेश पोटात, तरी लावली. वाईट वाटतंय मला. खोटं कशाला बोलू? लय वाईट वाटतंय. पन बियानं तरी ऱ्हाईल. कनगीभर भात निघाला तरी पुढच्या वर्साला पेरायला व्हईल.

मालोजी : पुढच्या वर्षी मी अजून पेट्या करीन. बारा करीन.

चंद्राबाई : आधी ह्या सहांचं बगा. लावनी कोन करनार, त्याचा इचार केलात का?

मालोजी : ठकी येईल. कोंडी येईल. वाडीवरच्या बायका...

चंद्राबाई : त्या येतील त्यांच्या दोघी-तिघी. लहान खाचराला पंधरा बायका कुठं बोलवता? पन घरातलं मानूस पायजे ना खाचरात. पैली मूठ घरच्याची असते. बायका लावायला लागत नायत त्याशिवाय.

मालोजी : म्हणजे राजेशला बोलावू?

चंद्राबाई : राजेशला चिखलाची ॲलर्जी हाय. नेरळच्या डॉक्टरनं लिहून दिलंय त्याला. तुमाला काय हाय? साखर तर नाय, हे कळलंच आता.

मालोजी : मी? मी सदुसष्टचा आहे.

चंद्राबाई : मी त्रेसष्टची व्हते गेल्या वर्साला. तवा कुनी वय इचारलं नाय.

मालोजी : मला येत नाही गं लावणी. लहानपणी दादा करायचे, मी शाळेत जायचो. मग कंपनी. खरं सांगतो, मूठ कशी धरायची ते पण माहीत नाही.

चंद्राबाई : चाळीस व्हिडिओ बघितलेत, त्यात एकताळिसावा. कानात बोंडं न घालता बगायचा.

मालोजी : गाव हसेल.

चंद्राबाई : हसंल की. सुपरवायझर हाफ चड्डीवर चिखलात म्हनल्यावर का नाय हसनार? ठकी तर मुद्दाम जेवन लवकर उरकून येईल.

मालोजी : येऊ दे. हसू दे. मी करीन.

चंद्राबाई : बगा हां. सत्यनारायन नाय काढायचा त्या दिवशी.

मालोजी : नाही काढत. पण तू उतरायचं नाहीस. हे आत्ता कबूल कर. खाचरात पाय टाकायचा नाही, दोन ओळी उरकते म्हणायचं नाही. काहीही झालं तरी.

चंद्राबाई : आन् तुमची ओळ वाकडी गेली तर?

मालोजी : जाऊ दे वाकडी.

चंद्राबाई : जाऊ दे म्हनं! बांधावरनं येनारा-जानारा म्हनंल, चंद्राबाईच्या खाचरात रेडा शिरला व्हता का.

मालोजी : म्हणू दे. तू कबूल कर. चंद्रा, हात जोडतो.

चंद्राबाई : ते फावडं द्या हिकडं. ही माती अशी एका अंगाला ढिगानं टाकली तर पैल्या पान्यात वाहून जाईल. समान करायला नको?

मालोजी : मी करतो. तू सांग फक्त. कुठून ओढू? आंब्याकडून?

चंद्राबाई : विहिरीकडनं ओढा. हळू. उपसताय काय असं, विहीर खनताय का? ... हां. असं.

मालोजी : लावणीला पण असंच विचारीन तुला. दर ओळीला. चालेल?

चंद्राबाई : मोठ्यानं इचारा मंग. मी बांधावर असनार.